परदेशातील संसार आणि परक्या भाषेचा उंबरठा

व्यापारासाठी समुद्र ओलांडणे जैन समाजाला नवे नाही. जपानमधील कोबे हे शहर मोत्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे जैन कुटुंबे स्थिरावली आणि १९८५ साली कितानो भागात भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी जिनालय उभे राहिले. पेढीवरचा व्यवहार इंग्रजीत किंवा आपल्या भाषेत निभावून नेता येतो. घर सांभाळणाऱ्या श्राविकेचे मात्र तसे नसते. तिचा संबंध दुकान, दवाखाना आणि शाळा यांच्याशी, आणि तेथील सारा कारभार जपानीत. परक्या भाषेचा खरा भार पेढीपेक्षा घरावर अधिक पडतो, याची आपल्याला पुरेशी जाणीव नसते.

आहारशुद्धीचेच पाहा. जपानीत ‘निकु’ म्हणजे मांस. पण रोजच्या बोलण्यात त्या शब्दात मासा येत नाही. त्यामुळे ‘आम्ही निकु खात नाही’ एवढेच सांगितले, तर यजमान सद्भावनेनेच माशाचा पदार्थ पुढे ठेवतो. वरकरणी भाज्यांचे वाटणारे सूपही पुष्कळदा ‘कात्सुओबुशी’ म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाच्या अर्कात शिजवलेले असते. पाकिटावर अॅलर्जीची सूचना असते. तिच्यात अंडी, दूध, गहू यांचा उल्लेख सक्तीचा आहे. मासे किंवा कांदा-लसूण यांचा नाही. म्हणून घटकपदार्थांची संपूर्ण यादी वाचल्यावाचून गत्यंतर नसते. त्या यादीत ‘तामागो’ म्हणजे अंडे, ‘तामानेगी’ म्हणजे कांदा, ‘निन्निकु’ म्हणजे लसूण. आणि ही सारी नावे तीन लिप्यांच्या मिश्रणात छापलेली. येथे अक्षरओळख नसेल, तर नियम पाळण्याची इच्छा असूनही तो नकळत मोडू शकतो.

उलट, एक नेमका शब्द मोठे काम करतो. बौद्ध विहारांतील शाकाहारी पाकपरंपरेला ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात. तीत मांस-मासे नसतात आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. हे नाव उच्चारताच आपले म्हणणे जपानी माणसाच्या पुष्कळसे ध्यानात येते. कंदमुळे मात्र तीत चालतात. त्यांचे वेगळे सांगावे लागते.

दवाखान्यातील अडचण याहून नाजूक. ठणका, कळ, चुरचुर, टोचणी हे भेद आपण मराठीत सहज सांगतो. जपानीतही त्यांना स्वतंत्र शब्द आहेत : ठसठसणाऱ्या दुखण्याला ‘झुकिझुकि’, टोचणाऱ्याला ‘चिकुचिकु’, चुरचुरणाऱ्याला ‘हिरिहिरि’. ते ठाऊक नसतील, तर बोट दाखवून ‘येथे दुखते’ एवढेच उरते. अशा वेळी शाळेत भाषा शिकलेली मुले दुभाषी होतात. पण आईने आपल्या शरीराची व्यथा दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून डॉक्टरांना सांगावी, हे तिच्यावरही आणि त्या मुलावरही ओझेच आहे. भ्रमणध्वनीवरील भाषांतर हाताशी असते, तरी मनातला संकोच ते दूर करू शकत नाही.

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘ला’, ‘त’, ‘हून’ यांसारखी शब्दयोगी चिन्हे नामानंतर लागतात. त्यांच्या अक्षरमालेचा का, सा, ता, ना, हा, मा असा क्रमही बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून आला आहे. हिरागाना आणि काताकाना यांची मूळ अक्षरे प्रत्येकी ४६; रोज अर्धा तास दिला, तर काही आठवड्यांत ती ओळखीची होतात.

शिवाय हा आपल्याच परंपरेचा मार्ग आहे. भगवान महावीरांनी लोकभाषेत, अर्धमागधीत उपदेश केला. उद्योतनसूरींनी शके ७०० मध्ये, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये, पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ ग्रंथात बाजारपेठेत जमलेल्या नाना देशींच्या व्यापाऱ्यांचे त्यांच्या बोलींसह वर्णन आहे, आणि त्यांत मराठेही आहेत. ग्राहकाची भाषा कानावर घेणे हा वणिकाचा जुना गुण आहे. तो पेढीपुरताच का असावा?

तेव्हा परदेशी निघणाऱ्या कुटुंबाने मसाल्याच्या डब्याबरोबर आहाराचे, आजाराचे आणि शाळेचे मिळून शंभर शब्दही बांधून घ्यावेत. तेथे पोहोचल्यावर भाषेच्या वर्गात पुरुषाआधी घरच्या स्त्रीचे नाव घालावे. तिच्यासाठी घरकामातून रोज तेवढा वेळ मोकळा करून देणे ही सर्वांची जबाबदारी आहे. घरातील नियम आणि तिचा स्वाभिमान, दोन्ही त्या वेळेवर अवलंबून आहेत.