बाविसाव्या दिवसाचं काय?

‘कोणतीही सवय २१ दिवसांत लागते.’ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर, स्पर्धा परीक्षांच्या क्लासमधल्या पहिल्या व्याख्यानात, व्यायामशाळेच्या फलकावर, कंपनीच्या प्रशिक्षणात, सगळीकडे हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मार्च २०२०मध्ये २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हाही ‘बघा, नवी सवय लागायला नेमके एवढेच दिवस लागतात’ असे संदेश फिरले. तो कालावधी संसर्गाची साखळी तोडण्यासाठी म्हणून सांगितला गेला होता, पण आकडा जुळला म्हटल्यावर आणखी काय हवं? तसाही हा आकडा आपल्या ओळखीचा. गणपतीला मोदक २१, दूर्वा २१. मग सवयीला २१ दिवस म्हटले की कोणी पुरावा मागत नाही.

पुरावा मागितला तर तो न्यूयॉर्कमधल्या एका प्लॅस्टिक सर्जनपर्यंत जाऊन थांबतो. मॅक्सवेल माल्ट्झ हे त्यांचं नाव. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया केलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण तीन आठवडे तरी जातात, असं त्यांच्या पाहण्यात आलं. हात किंवा पाय कापावा लागलेल्या रुग्णांना तो अवयव अजून जागेवर असल्याचा भास होत राहतो, त्यालाही त्यांनी हाच हिशेब लावला. १९६० साली आलेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी हे लिहिलं, तेही ‘कमीत कमी’ आणि ‘सुमारे’ असं जपून. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. पुढच्या प्रेरणादायी वक्त्यांनी त्यातला आकडा तेवढा उचलला. ‘कमीत कमी’ गळालं, ‘सुमारे’ गळालं, नाकाची शस्त्रक्रियाही गळाली. उरलं ते पहाटे उठण्याचं, धावण्याचं, डायरी लिहिण्याचं आणि साखर सोडण्याचं एकच वेळापत्रक. नव्या चेहऱ्याला सरावणं आणि रोज सकाळी पाच किलोमीटर धावणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे मात्र कोणी विचारलं नाही.

सवय लागायला खरोखर किती दिवस जातात, हे मोजून पाहणारं संशोधन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. ते २०१०मध्ये ‘युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’त छापून आलं. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी कृती निवडली: जेवताना फळ खाणं, पाण्याचा पेला पिणं, थोडा व्यायाम करणं. ती रोज ठरावीक प्रसंगी, म्हणजे ‘नाश्ता झाल्यावर’ अशा वेळी, १२ आठवडे करायची आणि आज ती किती आपसूक झाली हे नोंदवायचं. ज्यांच्या नोंदींवरून हिशेब नीट मांडता आला, त्यांना कृती पुरेशी आपसूक व्हायला १८ ते २५४ दिवस लागतील असं निघालं. मधला आकडा आला ६६.

१८ आणि २५४ यांच्यात किती अंतर आहे ते पाहा. एकाची सवय तीन आठवड्यांच्या आत, दुसऱ्याची आठ महिन्यांहून पुढे. शिवाय प्रयोग होता ८४ दिवसांचा. २५४ हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नाही, आलेखाची रेघ पुढे वाढवून काढलेला आहे. हे सगळं त्या निबंधात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही आता बाजारात ‘६६ दिवसांचं चॅलेंज’ आलंच! एक खोटा आकडा खोडायला शास्त्रज्ञांनी आठ-नऊ महिन्यांपर्यंतचा पल्ला दाखवावा आणि आपण त्यातून दुसरा एकच आकडा खुडून घ्यावा, याला काय म्हणायचं?

कोणती सवय, यावरही बरंच अवलंबून असतं. लालींच्या अभ्यासात व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींच्या सुमारे दीडपट वेळ लागला. २०२३मध्ये अमेरिकेत व्यायामशाळेत येणाऱ्या हजारो लोकांच्या आणि रुग्णालयांत हात धुणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हात धुण्याची सवय काही आठवड्यांत जडत होती, व्यायामशाळेची जडायला महिनोन्‌महिने जात होते. सगळ्या सवयींना पुरेल असा एक जादूचा आकडा नाही, हा त्या संशोधकांचाही निष्कर्ष. व्यायामशाळेचं वर्षाचं पॅकेज विकणाऱ्यांना हे बहुधा संशोधनाशिवायच ठाऊक असतं. फेब्रुवारीत तिथे किती गर्दी उरते हे ते रोज बघतात.

एवढं कशाला चिडायचं, एक आकडा चुकला तर काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. बिघडतं ते बाविसाव्या दिवशी. वहीत २१ फुल्या मारून झालेल्या असतात, पहाटेचा गजर अजूनही शत्रूसारखा वाटत असतो, आणि माणूस ठरवतो की दोष आपल्यातच आहे: आपल्याला शिस्त नाही, जिद्द नाही, आपला पिंडच तसला. प्रत्यक्षात सवय पुरती लागायला अनेकदा अजून बराच अवधी असतो.

त्याला जोडून दुसरा समज येतो: मध्ये एक खाडा पडला की सगळं संपलं, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. हा बहुधा व्रतवैकल्यांतून आलेला असावा; तिथे नेम मोडला की मोडला. सवयीचं तसं नाही. लालींच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या एकूण गतीत फारसा फरक पडला नाही. घरात लग्न आहे, मूल तापाने फणफणलंय, गावाकडे जावं लागलं, तर खाडा पडणारच. परत आल्यावर जिथून सोडलं तिथून धरायचं. अनेक मोबाइल अ‍ॅप मात्र एक दिवस चुकला की मोजणी शून्यावर आणतात आणि वर रडका चेहरा दाखवतात. याला शास्त्र म्हणायचं नाही, ते गिऱ्हाईक धरून ठेवण्याचं तंत्र आहे.

मग उपयोग कशाचा होतो? दिवस मोजण्यापेक्षा प्रसंग ठरवण्याचा. सकाळी दात घासले की हात चहाच्या आधणाकडे जातो. त्यासाठी कोणी कधी चॅलेंज घेतलं नव्हतं. तीच जागा, तीच वेळ, आधीचं तेच काम, एवढ्यावर सवय उभी राहते. ‘मी रोज वाचेन’ याऐवजी ‘रात्रीची भांडी आवरली की स्वयंपाकघरातच बसून दहा पानं वाचेन’ असं ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता वाढते. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६मध्ये ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा अशा ‘अमुक झालं की तमुक करेन’ पद्धतीच्या ठरावांचा चांगला परिणाम दिसला. ऐकायला हे अगदी मिळमिळीत आहे, मान्य. यावर पाच हजार रुपये फी लावून हॉटेलात कार्यशाळा भरवता येत नाही.

यशाच्या बाजारातले आणखी काही आकडे आणि किस्से आता भराभर.

‘येल विद्यापीठात १९५३ साली ज्या ३ टक्के मुलांनी ध्येय लिहून ठेवलं, त्यांनी पुढे बाकीच्या ९७ टक्क्यांहून जास्त संपत्ती कमावली.’ असा अभ्यास कधी झालाच नाही. ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने १९९६मध्ये शोध घेतला, वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, आणि येलकडे त्याची कसलीही नोंद सापडली नाही.

‘दहा हजार तास सराव केला की कोणीही निष्णात होतो.’ हा आकडा माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८च्या पुस्तकामुळे गाजला. मूळ अभ्यास बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा. त्यातल्या सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती, उंबरठा नव्हे. तो अभ्यास करणारे अँडर्स एरिक्सन स्वतःच पुढे सांगत राहिले की माझ्या कामाचा अर्थ चुकीचा लावला गेला.

‘समोर ठेवलेली मार्शमॅलोची गोड गोळी लगेच खाण्याचा मोह आवरणारं मूल आयुष्यात यशस्वी होतं.’ २०१८मध्ये सुमारे ९०० मुलांवर हा संबंध पुन्हा तपासला, तेव्हा तो मूळ प्रयोगात दिसला होता त्याच्या निम्माच भरला. घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण यांसारख्या गोष्टी हिशेबात घेतल्यावर आणखी बराच आटला.

‘यशस्वी माणसं पहाटे चारला उठतात.’ उठतात तशी कित्येक अयशस्वी माणसंही उठतात. दूधवाले आणि पेपरवाले तर रोजच उठतात. लवकर उठण्याच्या आपल्या म्हणीत आधी लवकर निजायला सांगितलंय, ते सोयीस्करपणे विसरलं जातं. प्रौढ माणसाला सात तास किंवा अधिक झोप लागते, आणि वयात आलेल्या मुलांचं शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा झोपायला लावतं. तेव्हा बारावीतल्या मुलाला रात्री बाराला झोपवून चारला उठवणं हा संस्कार नाही, झोपमोड आहे.

पालकांना म्हणूनच एक विनंती. सुट्टीत मुलाला ‘२१ दिवसांत वाचनाची गोडी’ अशा शिबिराला जरूर पाठवा. चार मित्र मिळतील, पुस्तकं हाताळली जातील. पण शिबिर संपल्यावर बाविसाव्या दिवशी पुस्तक बाजूला टाकून ते मोबाइल घेऊन बसलं, तर ‘फी फुकट गेली, तुला कशातच सातत्य नाही’ असं त्याला ऐकवू नका. रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी तुम्हीही पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी बसा, आणि दिवाळीपर्यंत तरी दिवस मोजू नका.