तीस वर्षे उशिरा ऐकू आलेला आवाज

आपल्याकडे एका गाण्याचे बहुधा तीन धनी असतात. गीतरामायणाचे शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते गाणारे कंठ तर अनेक. पाश्चात्त्य सुगम संगीतात मात्र १९६०नंतरच्या दशकात शब्द, चाल व गळा एकाच व्यक्तीचा असण्याची रीत चांगलीच रुजली. अशा कवि-गायकाची लांब तबकडी हा सुट्या गाण्यांचा गठ्ठा नसतो. ती एक सलग हकीकत असू शकते.

व्हॅश्टी बन्यन या इंग्रज बाईंची ‘जस्ट अनदर डायमंड डे’ ही तबकडी आम्ही प्रथम ऐकली, तेव्हा, खोटे कशाला सांगा, बालगीते समजून बाजूला ठेवली. काजवे काय, कमळांचे तळे काय, पाकोळ्या काय! आवाज तर असा, की शेजारच्या खोलीत मूल निजले असावे.

पुढे त्या गाण्यांची जन्मकथा कळली आणि आम्ही ओशाळलो. १९६५ साली या बाईंनी रोलिंग स्टोन्सच्या जॅगर व रिचर्ड्‌स यांनी रचलेले एक गाणे गायिले होते. ते चालले नाही. १९६८ साली त्यांनी लंडन सोडले. बरोबर एक सोबती, एक गाडी आणि बेस नावाची घोडी. जायचे होते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील स्काय बेटाकडे. तेथे डोनोव्हन हा गायक कलावंतांची वसाहत वसवणार होता. घोड्याच्या पावलाने जाणारे पोहोचले, तोवर तेथील मंडळी पांगली होती! त्या वाटेवर ही गाणी झाली. एक तर बेसलाच उद्देशून आहे, आणि त्याची लय तिच्या दुडक्या चालीची आहे. आता ती गाणी बालिश वाटत नाहीत. थंडीवाऱ्यात स्वतःला धीर देण्यासाठी माणूस जे गुणगुणतो, ते मोठ्या आवाजात कसे असणार? चौदाही गाणी उत्तम आहेत असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दोन-तीन अतिगोडच आहेत.

१९६९च्या अखेरीस जो बॉइड यांनी ती ध्वनिमुद्रित केली. काही गाण्यांना रॉबर्ट कर्बी यांनी तंतुवाद्यांची साथ रचली, पण गळा झाकू दिला नाही. तबकडी बाजारात आली डिसेंबर १९७०मध्ये. खप जवळजवळ नाहीच. बाईंनी हे मौन म्हणजे आपल्या आवाजावरचा निकालच मानला आणि गाणे सोडले. दोष आवाजाचा नव्हता, अशी आमची तरी खात्री आहे. पण हे त्यांना त्या वेळी सांगणारे कोण होते?

२००० साली तबकडी पुन्हा निघाली आणि तरुण गायक-वादक मंडळींनी ती हातोहात उचलली. त्यांतील काहींच्या साथीने २००५ साली, वयाच्या साठीत, बाईंची दुसरी तबकडी निघाली, ‘लुकआफ्टरिंग’. आम्ही ती लावली. आवाज तोच, तितकाच हळू.