वाहनातील मुका साक्षीदार

डाळिंबांच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो सांगोल्याहून रात्री निघतो, तेव्हा चालकाला दोन चिंता असतात. माल वेळेवर बाजारात पोहोचावा ही पहिली. आणि वाटेत काही विपरीत घडले, तर आपली बाजू कोण मांडणार ही दुसरी. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ मुळे तालुक्यातील वाहतुकीचा वेग वाढला. अपघातानंतर जमणारी गर्दी मात्र पूर्वीचीच आहे. मोठे वाहन चालविणारा तोच अपराधी, असा तिचा तत्काळ निवाडा असतो. आणि ज्याने खरोखर पाहिले, तो कोर्टकचेरीच्या धास्तीने निघून जातो.

ही उणीव वाहनाच्या पुढील काचेमागे बसविलेला लहानसा कॅमेरा काही अंशी भरून काढतो. रशियात विम्यासाठी रचलेले खोटे अपघात आणि पोलिसांविषयीचा अविश्वास यांमुळे तो घरोघरच्या मोटारीत गेला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटलेली उल्का जगाला दिसली, ती या कॅमेऱ्यांमुळेच.

पोलिसांनी वाहन अडविल्यावर मात्र या साक्षीदाराकडे रोषाने पाहिले जाते. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखविणे हे चालकाचे कर्तव्यच आहे. परंतु त्या प्रसंगाची नोंद राहिली तर प्रामाणिक पोलिसाने भ्यावे का? ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातलेल्या नियम १६७-अ मध्ये शासनाने स्वतःच्या अंमलबजावणीसाठी वाहनातील आणि अंगावरील कॅमेऱ्यांना मान्यता दिली. जे साधन शासनाच्या हाती पुरावा ठरते, ते नागरिकाच्या हाती उद्धटपणा ठरू शकत नाही. पोलीस ठाण्यात केलेले चित्रीकरण हा शासकीय गुपिते कायद्याखालील गुन्हा नव्हे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये दिला. ठाण्यात जे गुपित नाही, ते भर रस्त्यावर कसे असेल? अर्थात, चित्रीकरणाच्या निमित्ताने कर्तव्यात अडथळा आणण्याची मुभा कोणालाही नाही.

तथापि, केवळ चित्र टिपले म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे. कॅमेऱ्यातील कार्ड भरले की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. म्हणून प्रसंग घडताच ते काढून जपावे लागते. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ साधन न्यायालयात हजर न करता नक्कल द्यावयाची असेल, तर विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट आहे. मोबाइलवरून फिरणारा कापलेला तुकडा खळबळ माजवील; नुकसानभरपाईच्या दाव्यात तो टिकेलच असे नाही. शिवाय असे तुकडे फिरविताना वाटसरूंच्या खासगीपणाचाही विचार हवा.

सर्वांत गंभीर प्रश्न निराळाच आहे. कॅमेरा टेम्पोमालकाकडे असतो; बैलगाडीतील ऊसतोड मजूर, सायकलवरील विद्यार्थी, पायी चालणारा वारकरी यांच्याकडे नसतो. अपघातात मूक होतो तो बहुधा हाच माणूस. साक्ष केवळ विकत घेऊ शकणाऱ्याचीच राहिली, तर यंत्राने जुनी विषमताच नव्या रूपात आणली असे होईल. म्हणून महामार्गावरील शासकीय कॅमेऱ्यांच्या नोंदी अपघातग्रस्ताच्या कुटुंबाला मागताच, ठरावीक मुदतीत मिळाल्या पाहिजेत. दंडाची पावती घरी पाठविण्याइतकी तत्परता ज्या यंत्रणेकडे आहे, तिला हे अवघड नाही.