खिशातला दृष्टितक्ता

डोळे तपासण्याचा, आतून दिव्याने उजळलेला अक्षरतक्ता आपल्या ओळखीचा. पण जिथे वीज नाही, रस्ता कच्चा आहे, तिथे तो न्यायचा कसा? केनियातल्या नाकुरू भागात काम करताना ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ अँड्र्यू बास्टाव्रस यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यातून घडलं ‘पीक अ‍ॅक्युइटी’ हे मोबाइल अ‍ॅप.

त्याची रीत सोपी आहे. फोन रुग्णापासून २ मीटरवर धरायचा. पडद्यावर इंग्रजी ‘ई’ उमटतो. त्याच्या दांड्या वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे वळलेल्या असतात. रुग्ण हाताने दिशा दाखवतो आणि तपासणारा पडद्यावर त्याच दिशेला बोट फिरवतो. उत्तरानुसार अक्षर लहान-मोठं होत जातं आणि शेवटी दृष्टीचा आकडा मिळतो. त्यासाठी रुग्णाला अक्षरओळख लागत नाही. तपासणाऱ्यालाही पडद्याकडे बघावं लागत नाही, त्यामुळे नकळत उत्तर सुचवलं जात नाही. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे निकाल नेहमीच्या तक्त्यांशी जुळणारे ठरले.

फोन मोतीबिंदू काढत नाही. पण कुणाला डॉक्टरकडे पोचवायला हवं, हे तो रुग्णाच्या दाराशीच सांगतो. टाळता येणाऱ्या अंधत्वाविरुद्धची लढाई तिथूनच सुरू होते.