जुना ट्रॅक्टर घेताना टाकीचा तळ बघू
शिरूर कासारच्या भागातून ऊसतोडीला ट्रॅक्टर जातात. जुना ट्रॅक्टर घेताना आपण टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. टाकी राहूनच जाते. बरेच दिवस उभ्या, अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतल्या वाफेचं पाणी होतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. दोन्हींच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा चिकट गाळ फिल्टर तुंबवतो. पाणी पुढं गेलं की पंप, नोझल गंजतात. ऐन हंगामात इंजिन बंद पडलं, तर टोळी बसून राहते आणि उचल अंगावर राहते.

म्हणून इंजिन सुरू करण्याआधीच तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊ, अर्धा तास ठेवू. खाली पाण्याचा थर दिसला, तर टाकी साफ करण्याचा, फिल्टर बदलण्याचा खर्च धरूनच भाव बोलू. कोकणात जुनी इंजिनाची होडी घेतानाही परीक्षा हीच.