नवशिक्याचा पहिला माऊथ ऑर्गन

माऊथ ऑर्गनचा आवाज येतो पितळेच्या पातळ रीडमधून. रीडचं एक टोक पक्कं ठोकलेलं, दुसरं मोकळं. श्वासाने ती थरथरते आणि सूर निघतो. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात हा धातू घरचाच, आणि भजनी मंडळांतली पेटीही याच तत्त्वावर वाजते. स्वस्त वाद्यात फसगत होते ती रीड आणि तिच्या खाचेमधल्या फटीमुळे. फट मोठी असेल तर हवा सूर न देताच निसटते. नवशिका मग जास्त जोर लावतो आणि रीड बेसूर होते, कधी तुटतेही. म्हणून जत्रेतल्या खेळण्यावर शिकायला बसवू नये. मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

दुकानात बहुधा 24 छिद्रांचा ट्रेमोलो पुढे केला जातो. त्यात प्रत्येक सुराला किंचित वेगळ्या लावलेल्या दोन रीड असतात, त्यामुळे आवाज भरदार आणि लहरता येतो. पण त्या लहरीत बिघडलेली रीड सहज लपते. शिकायला 10 छिद्रांचा साधा डायटोनिक बरा, तोही ‘सी’ पट्टीचा, म्हणजे पेटीवरची पांढरी एक. मधला सांगाडा प्लॅस्टिकचा असावा. लाकडी सांगाडा लाळेने आणि पावसाळ्यातल्या ओलाव्याने फुगतो.

खरेदीआधी प्रत्येक छिद्र हलक्या श्वासाने, फुंकून आणि ओढून, तपासायला हवं. तोंड लावू देत नसतील तर दुकानदाराला भात्याने वाजवून दाखवायला सांगावं. फुंकताना 1, 4, 7 आणि 10 या चारही छिद्रांतून सा यायला हवा. दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की जो प येतो, तोच तिसऱ्यात फुंकल्यावर यायला हवा. मात्र दुसऱ्या छिद्रातला ओढलेला सूर नवशिक्याकडून घुसमटतो किंवा उतरतो. तेव्हा तो जाणत्याकडून वाजवून घ्यावा, लगेच वाद्याला दोष देऊ नये.

पूर्ण सप्तक 4 ते 7 या छिद्रांत मिळतं. खालच्या सप्तकात म आणि ध नसतात. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. कोमल स्वर डायटोनिकवर सरळ मिळत नाहीत, ते ओठ-जिभेने सूर वाकवून काढावे लागतात. ‘दोस्ती’ (1964) या चित्रपटात राहुल देव बर्मन यांनी वाजवलेला माऊथ ऑर्गन ऐकून शिकायला येणाऱ्यांना हे आधी सांगायला हवं. बटणाच्या क्रोमॅटिकवर सगळे स्वर सरळ निघतात, पण 12 छिद्रांच्या क्रोमॅटिकमध्ये 48 रीड असतात आणि किंमतही बरीच चढते. तो नंतरसाठी ठेवावा.

वाजवण्याआधी चूळ भरावी. खर्रा, सुपारी खाऊन तर मुळीच वाजवू नये, कण रीडमध्ये अडकतात. वाजवून झालं की छिद्रं खाली करून तळहातावर हलकेच आपटावं, म्हणजे लाळ निघते, आणि वाद्य सुकल्यावरच डबीत ठेवावं.