चोवीस हातांचा नकाशा

सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर अंबाजोगाईत बसून दासोपंतांनी जेवढे लिहिले तेवढे मराठीत फार थोड्यांनी लिहिले असेल. त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागत असे, असे सांगतात. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. या डोंगराएवढ्या लेखनात एक वस्तू मात्र वेगळी उठून दिसते. ती पासोडी आहे, म्हणजे अंगावर पांघरायचे जाडेभरडे कापड. तिचे परंपरेने सांगितले जाणारे माप चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद असे आहे. या कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिले आणि आकृत्या काढून मांडले. पासोडीचा उल्लेख बहुधा एक नवल म्हणून होतो: केवढे ते कापड, केवढी ती चिकाटी! या कौतुकात खरा प्रश्न मागे राहतो. एवढ्या पोथ्या लिहिणाऱ्या माणसाला कागदाचे वावडे नव्हते. मग नेमका हाच विषय त्याला कापडावर का न्यावासा वाटला? त्याचे उत्तर शोधताना पासोडीला तिच्या शेजारच्या पोथ्यांपेक्षा एका फार दूरच्या वस्तूशेजारी ठेवले तर अधिक उलगडा होतो, असे माझे म्हणणे आहे. ती वस्तू म्हणजे अमेरिकेत १९७० च्या दशकात निघालेल्या भुयारी साहसखेळांच्या पुस्तिका.

आधी विषयाचे स्वरूप पाहू. पंचीकरण हा वेदान्तातला वाटणीचा हिशेब आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच सूक्ष्म भुते. प्रत्येकाचे दोन सारखे भाग करायचे, एक अर्धा त्याच्यापाशीच ठेवायचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार तुकडे करून ते बाकीच्या चौघांना एकेक द्यायचे. म्हणजे आपल्या पायाखालच्या मातीत अर्धी पृथ्वी आणि उरलेल्या चौघांचा प्रत्येकी एक-अष्टमांश वाटा. हीच मोजदाद पुढे माणसाच्या देहात उतरते. हाड, मांस, कातडी, नाडी आणि केस हे पृथ्वीचे. भूक, तहान, आळस, झोप आणि मैथुन हे तेजाचे. चालणे, वळणे, पसरणे, आखडणे आणि रोखून धरणे हे वायूचे. काम, क्रोध, शोक, मोह आणि भय हे आकाशाचे. आपाची पाच धरून एकूण पंचवीस घरे भरतात. हे नुसते तोंडाने सांगू गेले तर दुसऱ्या-तिसऱ्या वाटणीलाच ऐकणारा चुकतो. ओवी एकीमागून एक येते, आणि मागची ओवी डोळ्यांआड झाली की तिच्यातली नाती स्मरणावर सोडावी लागतात. आकृतीत मात्र कोणते घर कोणाला लागून आहे ते एकदम दिसते. भय कुठे राहते, असे कुणी विचारले तर तिथे बोट ठेवता येते. ज्या विषयाला जागा आहे, त्याला नकाशा लागतो, आणि नकाशाला पोथीच्या आडव्या, अरुंद पानात अंग पसरता येत नाही.

आता दुसरी वस्तू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. विस्कॉन्सिनमधले लेक जिनिव्हा हे लहानसे गाव त्याचे माहेर. तीन-चार माणसे टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एखाद्या योद्ध्याचे, चोराचे किंवा मांत्रिकाचे सोंग घेतो, आणि खेळ चालवणारा एक जण, डंजन मास्टर, पुढ्यातल्या भुयाराचे वर्णन करतो. मग तो विचारतो, आता तुम्ही काय करता? उत्तराचा निकाल जिथे शंकास्पद असेल तिथे फासे पडतात. भुयाराचा खरा नकाशा फक्त चालवणाऱ्याकडे असतो. खेळणाऱ्यांनी ऐकलेल्या वर्णनावरून चौकटीच्या कागदावर आपापला नकाशा काढायचा. त्या काळच्या साहस-पुस्तिकांची बांधणीही याच गरजेतून आली. नकाशा सुट्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला निळ्या शाईत छापलेला असे, म्हणजे तो उभा करून खेळणाऱ्यांपासून आडोसाही करता येई. नकाशातल्या प्रत्येक दालनाला आकडा, आणि आत पुस्तिकेत त्या आकड्याखाली त्या दालनाची हकीकत. ही रचना कादंबरीची नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती कुणी वाचत नाही. खेळणारे ज्या दाराकडे वळतील त्या दाराचा आकडा शोधून चालवणारा तेवढाच मजकूर उचलतो.

या पुस्तिकांतल्या चित्रांकडे नीट पाहिले पाहिजे, कारण त्यांची थट्टा फार होते. काळ्या शाईच्या उभ्या-आडव्या रेघा, कुठे अवघडलेले हात, कुठे चुकलेली दृष्टिरेषा. डेव्हिड सदरलंड, डेव्ह ट्रॅम्पियर आणि एरॉल ओटस यांच्या चित्रांना आजच्या गुळगुळीत रंगीत चित्रांशेजारी ठेवले तर ती ओबडधोबड वाटतात. पण त्यांचे काम निराळे होते. १९७८ मध्ये छापील निघालेल्या ‘टूम्ब ऑफ हॉरर्स’ या साहसाबरोबर चित्रांची एक वेगळी पुस्तिकाच होती. खेळणारे एखाद्या दालनात पोहोचले की चालवणाऱ्याने नेमके तेवढेच चित्र त्यांच्यापुढे धरायचे. एका बोळाच्या टोकाला भिंतीत सैतानाचा मुखवटा आहे, तोंड वासलेला, आत मिट्ट काळोख. त्या तोंडात जो शिरेल तो क्षणात नाहीसा होतो. चित्र हे सांगत नाही, पण पाहणाऱ्याला सावध होण्याइतके दाखवते. ज्याने चित्र नीट वाचले तो थांबतो, ज्याने नुसते पाहिले तो आत जातो. इथे चित्र म्हणजे पुरावा आहे, आणि त्याची किंमत पाहणाऱ्याच्या पुढच्या पावलावर ठरते. म्हणून त्यातली प्रत्येक रेघ स्पष्ट, टोकदार आणि मोजता येण्याजोगी असावी लागे. सौंदर्याची मागणी तिच्यानंतरची.

कामाचे चित्र आणि ते उलगडणारा माणूस ही जोडी गोदावरीकाठाला नवी नाही. अंबाजोगाई ज्या बीड जिल्ह्यात आहे त्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते आणि पलीकडच्या काठावर पैठण आहे. चित्रकथींच्या सुट्या चित्रांना पैठणशैलीची चित्रे म्हणतात ती याच गावाच्या नावावरून. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात, आणि चित्र दाखवत कथा गाण्याची परंपरा आज सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी टिकवली आहे. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, दोन्ही बाजूंना चित्र, एका बाजूचा प्रसंग संपला की पान फिरवायचे. चेहरे एका अंगाने, डोळे भलेमोठे, राक्षसांचे सुळे बाहेर, बाण हवेत थांबलेले. लांब बसलेल्या माणसालाही दिव्याच्या उजेडात कोण कोणावर चालून गेले ते कळले पाहिजे, म्हणून हे असे. ज्या कारणाने ट्रॅम्पियरची रेघ ठळक झाली त्याच कारणाने पैठणच्या चित्रातला डोळा मोठा झाला. या दोघांत उसनवारी झाल्याचे मी सुचवत नाही. एकाच कामाला दोन ठिकाणी सारखे हत्यार घडते, जसा विळा जगभर वाकडाच असतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो हलका समजू नये. दासोपंतांचा विषय मोक्षाचा, ते दत्तभक्त, आणि पासोडी ही अनेकांच्या श्रद्धेची वस्तू. तिला खेळाच्या पंगतीत बसवणे म्हणजे तिचे मोल उतरवणे नाही का? पण मराठी संतपरंपरेने खेळाला कधी खालचे मानले नाही. एकनाथांनी भारुडांत सोंगे आणली आणि फुगडीसारखे खेळही आणले. ज्ञानदेवांच्या नावावर तर परंपरा एक संपूर्ण पटच चढवते, मोक्षपट. त्यात पापपुण्याची घरे आहेत, खाली ओढणारे साप आहेत, वर नेणाऱ्या शिड्या आहेत, आणि सोंगटी कवड्यांच्या दानावर चालते. कर्तृत्वाचा दावा सिद्ध होवो न होवो, असा पट संतांच्या हातून घडला असेल हे लोकांना पटले, तेच इथे महत्त्वाचे. अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसन यांनी १८व्या-१९व्या शतकांतल्या पश्चिम भारतातल्या अशा ज्ञानपटांवर कोपनहेगन विद्यापीठात २०१९ मध्ये प्रबंध पूर्ण केला. मोक्षाची वाट घराघरांतून आखून दाखवता येते, हा विचार त्यामुळे केवळ बालकांच्या करमणुकीचा राहत नाही. त्या पटाचे पुढे इंग्लंडमध्ये सापशिडीत रूपांतर झाले आणि हळूहळू घरांवरची नावे गळून आकडे उरले. उतरलेले मोल तिथे शोधावे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पासोडीपुढे बसलेल्या श्रोत्याला निवड कुठे आहे? पंचीकरणाचा शेवट ठरलेला: देह आणि तत्त्वे एकेक करून बाजूला सारली की उरते ते आपले स्वरूप. भुयारात डावीकडे जायचे की उजवीकडे हे खेळणारा ठरवतो, इथे ते गुरू ठरवतो. मोक्षपटावरही कवड्यांचे दान चालवते, माणूस नव्हे. हा आक्षेप मी मान्य करतो, कारण तो खरा आहे. ‘तुम्ही काय करता’ या प्रश्नाचे मोकळे उत्तर युद्धखेळांतून आले. प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून नकाशावरच्या लढाईचा सराव होई आणि पंच निकाल देई. अमेरिकेतल्या युद्धखेळ्यांनी तो पंच उचलला, डेव्हिड वेस्लीने १९६९ मध्ये खेळणाऱ्यांना सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली, आणि त्याच मंडळीतल्या अर्नेसनने पुढे सगळ्यांना भुयारात उतरवले. हे श्रेय त्यांचेच आहे. पण हा खेळ निव्वळ मोकळेपणावर उभा नाही. जे अजून कुणी पाहिलेले नाही ते घराघरांत मांडणे, प्रत्येक घराला मजकूर बांधणे आणि ते एकाच्या हाताने दुसऱ्यापुढे हळूहळू उघडणे, ही त्याची दुसरी अर्धी कला. ती पासोडीत पूर्ण आहे.

असा खेळ इथे रचायचा तर भुयारासाठी इथल्या लेखक-चित्रकारांना युरोपचे किल्ले उसने आणावे लागतात, ही समजूतही तपासून पाहावी. बीड शहराबाहेरची खजाना विहीर १५८२ ची, मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधलेली. तिचे पाणी जमिनीखालच्या पाटांनी शेतांकडे जाते. ती बांधली तेव्हा १५५१ मध्ये जन्मलेले दासोपंत तिशीत होते. खुद्द अंबाजोगाईत खडक कोरून केलेले हत्तीखान्याचे लेणे आहे: प्रशस्त मंडप, खांबांच्या रांगा आणि दगडी हत्ती. जिल्ह्याच्या डोंगराळ भागात धारूरचा किल्ला आहे. नकाशा काढून दालनांना आकडे द्यायला एवढे पुरे आहे. त्यांत कोण राहते हे ठरवताना रानटी ड्रॅगनच हवा असे नाही. पंचीकरणातले आकाशाचे पाच जण, त्यांतही भय आणि मोह, मुखवटे चढवून चांगले पहारेकरी होतील.

एक गोष्ट छापील पुस्तकाला साधत नाही, आणि पासोडीला व त्या पुस्तिकांना साधली आहे. सबंध पासोडी पसरली तर लांबी अकरा मीटरच्या आसपास भरते. साध्या घराच्या एका खोलीत ती मावायची नाही, आणि मावली तरी एका जागी बसून सगळी वाचता यायची नाही. वाचायची तर कापडाच्या कडेने सरकत जावे लागेल, किंवा दोघांनी दोन टोके धरून एक घडी सोडायची आणि मागची एक घालायची. दोन्ही रीतींत पुढचा भाग दाखवणाऱ्याच्या हाती राहतो. पंचीकरण पुस्तकात छापले की शब्द सगळे येतात, पण आकृत्या पानापानांवर तुटतात, आणि वाचणारा शेवटचे पान आधी उघडू शकतो. जुन्या साहस-पुस्तिकांच्या संगणकीय प्रतींचेही हेच झाले आहे. नकाशाचे सुटे वेष्टन त्यांत आणखी एक पान होऊन बसते, आडोसा म्हणून उभे राहत नाही. म्हणून पासोडीची पुढची प्रत निघेल ती मूळ मापाच्या कापडावर निघावी, आकृत्यांना जोड न देता, आणि ती मांडताना शेजारी समजावून सांगणारा एक माणूस उभा असावा, ज्याच्या हातात उरलेली घडी आहे.